विमा कंपनीचा वकील हा आपला वकील नव्हे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

रस्ता अपघातातल्या जखमींना मिळणाऱ्या नुकसानभरपाईबद्दल वर्तमानपत्रांत बरेच छापून येते, आणि ते यायलाच हवे. पण त्याच दाव्यात ज्याला जाबदेणार (ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो) म्हणून समन्स येते, त्या रिक्षाचालकाने, टेम्पोमालकाने किंवा स्वतःच्या दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या माणसाने काय करायचे, हे कुठेच वाचायला मिळत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात याचे परिणाम रोज दिसतात. बेलिफ समन्स देऊन जातो, घरातले कोणीतरी सही करते, ‘विमा आहे, कंपनी बघून घेईल’ म्हणून कागद कपाटात जातो. पुढे काही वर्षांनी दरखास्तीची, म्हणजे निवाड्यातली रक्कम वसूल करण्याच्या अर्जाची, नोटीस येते, तेव्हा लाखोंची रक्कम आपल्या नावावर बसल्याचे कळते. म्हणून हे पत्र.

मूळ गैरसमज विमा कंपनीविषयीचा आहे. दाव्यात चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघे जाबदेणार असतात. अपघात कोणाच्या चुकीने झाला आणि भरपाई किती, या दोन प्रश्नांवर कंपनीचा वकील आपल्याच बाजूने बोलतो. मात्र पॉलिसीच्या अटी मोडल्या का, या तिसऱ्या प्रश्नावर तोच वकील आपल्या विरुद्ध उभा असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये कंपनीला मिळणारे बचाव मोजून दिले आहेत. चालकाकडे योग्य लायसन्स नव्हते, तो नशेत होता, परमिटमध्ये नसलेल्या कामासाठी गाडी वापरली, अशा स्वरूपाचे ते आहेत. यांपैकी एखादा बचाव सिद्ध झाला, तर न्यायाधिकरण बहुधा कंपनीला सांगते की जखमीला पैसे आधी द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. त्या वसुलीसाठी कंपनीला वेगळा दावासुद्धा लावावा लागत नाही, त्याच निवाड्यावर ती दरखास्त दाखल करते.

याला उत्तर आहे, पण ते फक्त मालकच देऊ शकतो. स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले की लायसन्समध्ये खोट निघाली एवढे दाखवून कंपनी सुटत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे अट मोडली हे तिला सिद्ध करावे लागते. २०२२ च्या ऋषिपाल सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले की चालक ठेवताना मालकाने लायसन्स पाहिले आणि त्याला गाडी चालवता येते याची खात्री केली, तर ते लायसन्स खरे की बनावट हे आरटीओकडे जाऊन तपासण्याची अपेक्षा त्याच्याकडून नाही. व्यवहारात मात्र कंपनी आरटीओच्या कारकुनाला लायसन्सचा उतारा घेऊन साक्षीला बोलावते. ‘मी लायसन्स पाहिले होते, त्याची प्रत ठेवली होती, चार दिवस गाडी चालवून घेतली होती’ हे शपथेवर सांगणारा मालक हजरच नसतो. मग रेकॉर्डवर एकच बाजू उरते. पगारी चालक ठेवणाऱ्या प्रत्येकाने लायसन्सची प्रत, कामावर घेतल्याची तारीख आणि चालकाची सही असलेला एक कागद आजच तयार करून ठेवावा. हलक्या वाहनाचे लायसन्स आणि व्यावसायिक गाडी हा कंपन्यांचा जुना आक्षेप मात्र आता बराचसा संपला आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठरवले आहे.

पॉलिसी वाचणारे फार थोडे असतात. तीन गोष्टी तरी पाहाव्यात. पॉलिसी सुरू झाल्याची वेळ, तारखेसकट. नूतनीकरण सकाळी अकराला झाले आणि अपघात त्याच दिवशी नऊला झाला असेल, तर तो विम्याबाहेर राहतो. दुसरे म्हणजे प्रीमियमचा चेक वटला का. तिसरे, पॉलिसी केवळ कायद्यापुरती (थर्ड पार्टी) आहे की पॅकेज (सर्वसमावेशक) आहे. केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत खासगी दुचाकीच्या मागच्या सीटवर बसलेल्याला संरक्षण मिळत नाही, हे बहुतेकांना त्याच्याच दाव्याची नोटीस आल्यावर कळते. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशाचेही तसेच आहे.

गाडी विकली म्हणजे जबाबदारी गेली, असेही नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा सांगितले आहे. नोटरी केलेला विक्रीकरार आणि ताबापावती असूनही, नमुना २९ व ३० भरून हस्तांतर झालेले नसेल, तर समन्स जुन्या मालकालाच येते आणि रक्कमही त्याच्यावरच बसू शकते. अशा वेळी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, विक्रीची हकीकत लिहावीच, पण तेवढ्यावर थांबू नये. अपघाताच्या दिवशी गाडीवर चालू असलेल्या पॉलिसीचा क्रमांक शोधून त्या कंपनीला पक्षकार करायला लावणे जास्त उपयोगाचे ठरते.

आता अपघातानंतरचे पहिले दिवस. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणे ही कलम १३४ प्रमाणे चालकाची कर्तव्ये आहेत. पळून गेलेल्या चालकाचा बचाव पहिल्याच दिवशी निम्मा मोडतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याला पहिला अपघात अहवाल ४८ तासांत पाठवायचा असतो. चालकाने नमुना ३ मध्ये आणि मालकाने नमुना ४ मध्ये ३० दिवसांत माहिती द्यायची असते, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणापुढे जातो. तो अहवाल थेट दावा म्हणूनही चालवला जाऊ शकतो. म्हणजे पोलीस ठाण्यात घाईत भरलेला हा नमुना पुढे आपल्यासमोर पुरावा म्हणून येतो. कोऱ्या नमुन्यावर सही करू नये, आणि भरून दिलेल्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नये.

दुकानांच्या सीसीटीव्हीवरचे चित्रण थोड्या दिवसांतच पुसले जाऊन त्यावर नवे चढते. ज्याला ते हवे आहे, त्याने त्याच आठवड्यात दुकानदाराला आणि तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. चित्रण नुसते पेनड्राइव्हवर आणून चालत नाही. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र लागते. जीपीएस आणि फास्टॅगच्या नोंदींनाही हाच नियम.

रुग्णालयात जखमीला माणुसकीने पैसे देणे योग्यच आहे. पैसे दिले म्हणजे चूक कबूल केली असे होत नाही. मात्र पावती घ्यावी आणि तीवर काय लिहिले आहे ते वाचून घ्यावे. ‘माझ्या चुकीबद्दल’ असे शब्द तीत नसावेत. स्टॅम्प पेपरवर केलेली खासगी तडजोड पुढचा दावा अडवेलच, असे समजू नये.

फौजदारी खटल्याबाबत तर फारच घाई होते. निष्काळजीपणे गाडी चालवून दुखापत केल्याचा गुन्हा असतो. दंड भरून मोकळे व्हा, असा सल्ला मिळतो आणि आरोपी गुन्हा कबूल करतो. त्या कबुलीची प्रमाणित प्रत अर्जदाराचा, म्हणजे जखमीचा, वकील दाव्यात दाखल करतो. त्यानंतर ‘चूक माझी नव्हती’ हे म्हणणे जवळपास संपते. उलट बाजूने, निर्दोष सुटलो म्हणून दावा बुडाला असेही होत नाही. फौजदारी न्यायालयात संशयापलीकडचा पुरावा लागतो, तर न्यायाधिकरण घटना कशी घडली असण्याची शक्यता जास्त आहे एवढेच पाहते.

समन्स आल्यावर वकीलपत्र आणि लेखी कैफियत वेळेत गेली पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी ३० दिवस आणि कारण दाखवून एकूण ९० दिवस आहेत. समन्सवरची तारीख त्याआधीची असेल तर त्या तारखेला हजर राहून मुदत मागावी. नाही तर ‘विनाकैफियत’ किंवा एकतर्फी असा आदेश होतो. ‘अर्जातील सर्व मजकूर खोटा असून नाकबूल आहे’ या एका ओळीच्या कैफियतीला फारशी किंमत नसते. परिच्छेदवार उत्तर द्यावे लागते, कारण स्पष्टपणे न नाकारलेली गोष्ट मान्य केली असे धरले जाते. त्याच वेळी, जे खरे आहे ते नाकारू नये. पंचनाम्यात आपली गाडी जागेवर उभी दाखवलेली असताना ‘असा अपघात झालाच नाही’ लिहिणारा चालक उलटतपासणीत उघडा पडतो आणि मग त्याच्या खऱ्या बचावावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

कैफियत लिहिण्याआधी पोलीस कागद नीट पाहावेत. घटनास्थळाच्या पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, दुभाजक, टायरच्या घासल्याच्या खुणा कुठून कुठपर्यंत आहेत, काचेचे तुकडे रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडले आहेत, दोन्ही गाड्यांची तोंडे कुठे आहेत, हे असते. समजा रस्ता २४ फूट रुंद आहे, आपण डाव्या कडेने जात होतो आणि काचा आपल्या डाव्या कडेपासून सहा फुटांवर सापडल्या, तर समोरचा आपल्या बाजूला आला होता हे सांगायला दुसरा साक्षीदार लागत नाही. आरटीओच्या तपासणी अहवालात मार कुठे बसला आणि ब्रेक कसे होते हे नोंदवलेले असते. ‘ब्रेक फेल झाले’ हा बचाव विचार न करता घेऊ नये. तो घेतला की गाडीची नियमित देखभाल केली होती आणि दोष आधी कळण्यासारखा नव्हता, हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. गॅरेजची बिले नसतील तर हा बचाव उलटतो.

आपली गाडी अपघातात नव्हतीच, असेही काही दाव्यांत घडते. गाडीचा नंबर नंतर घातला गेल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. इथे सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे रुग्णालयातली पहिली नोंद. जखमीला आणल्यावर डॉक्टर मेडिकोलीगल रजिस्टरमध्ये इजा कशी झाली ते विचारून लिहितात. ‘दुचाकी घसरून पडल्याने’ असे तिथे लिहिलेले असेल आणि बऱ्याच दिवसांनी दिलेल्या फिर्यादीत अचानक एखाद्या जीपचा नंबर आला असेल, तर ते रजिस्टर साक्षीसमन्स काढून मागवावे आणि नोंद करणाऱ्या डॉक्टरांना तपासावे. फिर्यादीला उशीर झाला एवढाच मुद्दा पुरत नाही. जखमी बेशुद्ध होता, नातेवाईक उपचारांत होते, ही कारणे न्यायालये मान्य करतात आणि ती मान्य करण्यासारखी असतातही.

जखमीचीही चूक होती हे म्हणणे कैफियतीत लिहावे लागते आणि सिद्ध करावे लागते. चूक जितक्या टक्क्यांची ठरेल, तितकी रक्कम कमी होते. पण दुचाकीवर तिघे होते किंवा जखमीकडे लायसन्स नव्हते, एवढ्याने ती चूक ठरत नाही. त्यामुळे अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते. हेल्मेट नसल्याचा मुद्दाही डोक्याला इजा असेल तरच. पायाचे हाड मोडलेल्या माणसाला हेल्मेटवरून प्रश्न विचारण्यात न्यायालयाचा वेळ जातो, बाकी काही नाही. तिसऱ्या एखाद्या वाहनाची चूक असेल तर त्याचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांना सामील करण्याचा अर्ज सुरुवातीलाच द्यावा. एकाहून अधिक वाहने जबाबदार असली, तरी जखमी पूर्ण रक्कम कोणा एकाकडून मागू शकतो, आणि ते दुसरे वाहन दाव्यात नसेल तर आपला वाटा सोडून बाकीचे पैसे आपल्यालाच नंतर त्यांच्याकडे मागत बसावे लागते. दावा कलम १६४ खाली असेल, तर चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही. गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये ठरलेले आहेत.

चालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिलेच पाहिजे. अपघात कसा झाला हे जखमीनंतर त्यालाच सर्वांत जास्त माहीत असते. तो आला नाही तर न्यायाधिकरण त्याच्या विरुद्ध निष्कर्ष काढू शकते, आणि बहुधा काढते.

खरा पैसा भरपाईच्या हिशेबात असतो आणि तिकडेच जाबदेणाऱ्यांचे सर्वांत कमी लक्ष असते. कायमचे अपंगत्व आले असेल तर वार्षिक उत्पन्न, वयानुसार गुणक आणि अपंगत्वाची टक्केवारी यांचा गुणाकार होतो. गुणक सरला वर्मा खटल्यातल्या तक्त्याप्रमाणे: २६ ते ३० वयाला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४६ ते ५० ला १३, असे उतरत जातात. समजा जखमी ३५ वर्षांचा आहे, महिना १५,००० रुपये मिळवतो आणि प्रमाणपत्रात ४० टक्के लिहिले आहे. सरळ गुणाकार केला तर ११ लाख ५२ हजार होतात. पण ते ४० टक्के एका पायाचे असू शकतात. संपूर्ण शरीराच्या आणि त्याच्या कामाच्या दृष्टीने अपंगत्व १५ टक्के ठरले, तर हाच आकडा ४ लाख ३२ हजारांवर येतो. भविष्यातल्या उत्पन्नवाढीची भर यावर वेगळी. राजकुमार खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक समजावून सांगितला आहे. डावा हात गेलेला सुतार किंवा चालक कमाईच्या दृष्टीने जवळपास पूर्ण अपंग होऊ शकतो, तर तेवढीच इजा झालेल्या, नोकरी टिकलेल्या कारकुनाचे उत्पन्न तसेच राहू शकते. म्हणून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावून विचारावे: तुम्ही उपचार केले होते का, ही टक्केवारी अवयवाची की संपूर्ण शरीराची, रुग्ण त्याचे नेमके कोणते काम करू शकत नाही. हे तीन प्रश्न न विचारल्याने लाखोंचा फरक पडतो. उत्तर जखमीच्या बाजूने गेले, तर ती रक्कम त्याला मिळालीच पाहिजे.

उत्पन्नाचा दाखला देणाऱ्या, जखमीला कामावर ठेवणाऱ्या मालकाला तपासावे, अपघाताआधीची बँक पासबुके आणि आयकर विवरणपत्रे मागवावीत. औषधांच्या बिलांत एकच बिल दोनदा लावलेले असते, रुग्णाचे नाव नसते, डिस्चार्जनंतरच्या तारखा असतात. हे बिलांच्या मूळ प्रती हाताळल्याशिवाय दिसत नाही. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम वजा करा, असे म्हणण्यात मात्र अर्थ राहिलेला नाही. ती वजा करता येणार नाही असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२५ मध्ये ठरवले आहे. दावा अपघातापासून सहा महिन्यांत आला नाही हा मुद्दा कैफियतीत जरूर घ्यावा, पण त्यावर विसंबू नये, कारण त्या मुदतीच्या वैधतेलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तारखा वाढवत राहणे हाही बचाव नव्हे. रकमेवर दाव्याच्या तारखेपासून व्याज चढत असते, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ताटकळत ठेवणे मुळात चूकच आहे.

लोकअदालतीत तडजोड होते तेव्हा मालकाने एक ओळ डोळ्यांत तेल घालून पाहावी. कंपनी रक्कम देते, सगळे सह्या करतात आणि खाली ‘मालकाकडून वसुलीचा हक्क राखून’ असे चार शब्द असतात. तडजोडीच्या निवाड्यावर अपील नसते. ती ओळ काढल्याशिवाय, किंवा तिचा अर्थ पूर्ण समजून मान्य केल्याशिवाय, पुरसीसवर (तडजोडीच्या लेखी निवेदनावर) सही करू नये.

वकिलाची फी परवडत नसेल तर न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील कोणीही त्याला पात्र आहे. जखमीप्रमाणेच जाबदेणाऱ्यालाही तो हक्क आहे.

एकतर्फी निवाडा झालाच असेल तर तो रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत करावा. समन्स रीतसर बजावलेच गेले नव्हते, तर निवाडा कळल्यापासून ३० दिवस. वाट पाहत बसल्यास रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होऊ शकते. उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवस असतात, वादातली रक्कम एक लाखाहून कमी असेल तर अपील नाही, आणि ज्याला रक्कम भरायची आहे त्याला २५,००० रुपये किंवा निवाड्याच्या निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी ती, आधी भरावी लागते. वसुलीचा आदेश मालकाविरुद्ध असेल तर हे अपील मालकालाच करावे लागते. विमा कंपनी ते त्याच्यासाठी करणार नाही.

आपला,
मोटार अपघात दाव्यांत काम करणारा एक वकील